आवडत्या गाण्याचा धनी कोण?

(गीतप्रेमी श्रोत्यांच्या एका बैठकीत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीचा विषय साधा व सुखाचा आहे. प्रत्येकाने आपल्या आवडीचा गीतप्रकार सांगावा, आवडता गायक सांगावा आणि एक आवडते गाणे सांगावे, असे ठरले होते. माझ्या आधी बोललेल्या मंडळींनी तसे सांगितलेही. कोणी शाहिरीचे नाव घेतले, कोणी कव्वालीचे, कोणी गझलेचे. एका भगिनीने जात्यावरच्या ओवीचे नाव घेतले. तरुण मित्रांनी रॅप या नव्या प्रकाराचा पुरस्कार केला, तेव्हा मागच्या रांगांतून थोडी कुजबुज झाली.

मी वकील आहे. गाणे हा माझा व्यवसाय नव्हे. परंतु ऐकता ऐकता टिपण करण्याची सवय आमच्या धंद्यात लागतेच. आपण बोलत असता मी दोन रकाने पाडून लिहीत होतो. पहिल्या रकान्यात गाणे व गायक, दुसऱ्या रकान्यात ते गीत रचणारा कवी. पहिला रकाना भरून गेला आहे. दुसरा बहुतांशी कोरा राहिला आहे. त्या कोऱ्या रकान्याविषयी मी आपणांशी बोलणार आहे.

तत्पूर्वी त्या कुजबुजीविषयी दोन शब्द. ज्या समाजाने जन्मावरून माणसाची प्रत ठरविण्याच्या रूढीविरुद्ध एवढा मोठा लढा दिला, त्या समाजाने गाण्याच्या प्रकारावरून ऐकणाऱ्याची प्रत ठरवू नये. हलगी व डफडे ही वाद्ये हलकी का मानली गेली? त्यांचा नाद कमी प्रतीचा होता म्हणून काय? ती ज्यांच्या हाती होती ते हात हलके मानले गेले, म्हणून. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर खेडोपाडी आपल्या लोकांनी गावकीचे काम म्हणून डफडे वाजविणे बंद केले. अनेक गावांत त्याबद्दल त्यांना बहिष्कार सोसावा लागला. पण त्याच लोकांनी ढोलकी आणि पेटी घेऊन रात्र रात्र गाणी म्हटली. त्यांचा विरोध वाद्याला नव्हता, सक्तीला होता. स्वतः बाबासाहेब आयुष्याच्या उत्तरकाळात व्हायोलिनचे धडे घेत असत. तेव्हा ज्याला व्हायोलिन आवडते त्याने व्हायोलिन ऐकावे, ज्याला हलगी आवडते त्याने हलगी ऐकावी आणि ज्याला रॅप आवडतो त्याने रॅप ऐकावा. यात वादाचे कारण नाही.

आपल्या गीतांचे प्रकार किती आहेत, हे एकदा ओळीने पाहिले म्हणजे आपली मालमत्ता किती मोठी आहे याची कल्पना येते. आरंभी जलसा. महात्मा फुले यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे त्या समाजाच्या कार्यकर्त्यांनी तमाशाचा साचा उचलला आणि त्यात आपला विचार ओतला. तमाशात गण, गौळण, बतावणी व वग असा क्रम असे. लोकांना तो क्रम परिचित होता व त्याची गोडी होती. सत्यशोधकांनी ती गोडी कायम ठेवून भट-सावकारांच्या लबाडीवर बोट ठेवले. तीच वाट पुढे आंबेडकरी जलशाने घेतली. नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी यांनी 1930 नंतरच्या काळात गावोगाव जलसे केले. जेथे वर्तमानपत्र पोहोचत नव्हते, आणि पोहोचले तरी वाचणारा नव्हता, तेथे महाडच्या तळ्याचे व काळाराम मंदिराचे वर्तमान या जलशांनी पोहोचविले. दिवसभर राबून आलेला माणूस व्याख्यानाला पेंगेल, पण बतावणीतील टोमण्याला जागा राहील, हे त्या मंडळींना पक्के ठाऊक होते. विशेष हे की, कर्डकांनी त्या सर्व खटाटोपाचा वृत्तांत पुढे स्वतःच पुस्तकरूपाने लिहून ठेवला. तो लिहिला नसता तर आज जलशांविषयी आपण काय सांगू शकलो असतो?

मग शाहिरी आली. अण्णाभाऊ साठे, अमरशेख व द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने गिरणगावात डफाचा आवाज घुमविला. चाळींच्या पटांगणात कव्वालीचे सामने होऊ लागले. एका बाजूला एक पार्टी, समोर दुसरी. एकाने प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातच उत्तर द्यायचे. त्यानंतर कॅसेटचे युग आले. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांशेजारी कॅसेटची दुकाने लागू लागली. आज ती कॅसेटही गेली आणि गाणे मोबाईलमध्ये येऊन बसले.

या प्रवासात गाणे खूप दूरवर गेले. मात्र प्रत्येक टप्प्यावर त्याच्या कर्त्याचे नाव थोडे थोडे मागे राहिले. जलशात गीत रचणारा व गाणारा समोर उभा असे. त्याला नावाने हाक मारता येई. कॅसेटच्या वेष्टनावर गायकाचे छायाचित्र मोठे आले आणि गीतकाराचे नाव बारीक अक्षरांत गेले. मोबाईलवर तर पुष्कळदा कोणाचेच नाव नसते, किंवा एकच शब्द असतो: 'पारंपरिक'.

बंधूंनो, आपल्या भाषेतील कवींनी या धोक्यावर फार पूर्वी एक उपाय शोधून काढला होता. तो उपाय म्हणजे नाममुद्रा. शेवटच्या चरणात कवी आपले नाव गुंफतो. 'तुका म्हणे' हे शब्द आले की अभंग कोणाचा हे विचारावे लागत नाही. छापखाना नव्हता, कायदा नव्हता, तरी कर्त्याचे नाव गाण्याच्या अंगातच शिवलेले होते. गाणे जाईल तेथे नाव जाईल, अशी ती व्यवस्था होती.

पण नाममुद्रेकडे बारकाईने पाहिले म्हणजे समाजव्यवस्थाही दिसते. जनाबाई स्वतःस 'नामयाची दासी' म्हणवते. चोखोबांची पत्नी सोयराबाई अभंगाच्या शेवटी स्वतःची ओळख 'चोख्याची महारी' अशी देते. विचार करा, एवढी समर्थ कवयित्री, आणि सही करावयाची वेळ आली तेव्हा तिला पतीचे नाव व जातीचे नाव पुढे करावे लागले! त्या काळी तिला दुसरी सही उपलब्ध नव्हती.

आता याच्या शेजारी आपल्या धम्माचे वाङ्मय ठेवून पाहा. खुद्दक निकायात थेरीगाथा नावाचा ग्रंथ आहे. त्यात भिक्षुणींची 73 काव्ये आहेत. त्यांत पुण्णिका आहे. ती पाणी भरणारी दासी होती. थंडीत नदीवर उतरावे लागे, न उतरावे तर मालकिणीचा मार. स्नानाने पाप धुतले जाते असे मानणाऱ्या ब्राह्मणाला ती थेरी जे प्रश्न विचारते, ते आजही वाचण्यासारखे आहेत. थेरगाथेत सुनीत आहे. तो निर्माल्य झाडणारा होता. या लोकांची काव्ये भिक्षुसंघाने तोंडपाठ करून पिढ्यान्‌पिढ्या जपली, आणि जपताना त्यांची नावेही जपली. दासीच्या काव्यावर दासीचेच नाव राहिले. कोणी ते 'पारंपरिक' म्हणून संघाच्या खात्यात जमा केले नाही. काव्य सर्वांचे झाले, तरी कर्ता पुसला गेला नाही. हा आपला वारसा आहे, आणि मी ज्या आग्रहाने आज बोलत आहे त्याचे मूळ तेथे आहे.

वामनदादा कर्डकांनी आपल्या गीतांच्या शेवटी 'वामन' असे नाव गुंफले. दादांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे झाला. शाळेचे तोंड त्यांना लहानपणी दिसले नाही. मुंबईत आल्यावर मोठेपणी ते अक्षरे शिकले. असा माणूस हजारो गीते रचतो आणि खाली स्वतःच्या नावाने सही करतो. पतीचे नाव नाही, जातीचे नाव नाही, मालकाचे नाव नाही. सोयराबाईच्या सहीपासून वामनाच्या सहीपर्यंत जे अंतर आहे, तोच आपला इतिहास आहे.

परंतु आज होते काय? जयंतीच्या मिरवणुकीत गाणे वाजते ते धृपद आणि एक कडवे. ध्वनिक्षेपकावरचा इसम लगेच दुसरे गाणे लावतो. शेवटचे कडवे येतच नाही, आणि कवीचे नाव तर त्या शेवटच्या कडव्यात असते. काही ठिकाणी याहून वाईट घडते. नामचरण बदलून त्यात दुसऱ्याचे नाव बसविले जाते. बरे, हे करणारे लोक परके असतात असेही नाही.

माझ्या वकिलीतील एक प्रकरण सांगतो. नावे सांगणार नाही. एक वयोवृद्ध गायक-कवी माझ्याकडे आले. त्यांनी तारुण्यात रचलेली गीते एका कंपनीने ध्वनिमुद्रित केली होती. त्या वेळी एकरकमी पैसे मिळाले आणि एका कागदावर सही झाली. कागदावर 'सर्व हक्कांसह' एवढेच शब्द. कोणते हक्क, किती वर्षांसाठी, कोणत्या प्रदेशापुरते, काही नाही. पुढे तेच गीत नव्या आवाजात निघाले आणि कवीच्या जागी 'पारंपरिक' असे छापून आले. ते गृहस्थ मला म्हणाले, "साहेब, मी अजून जिवंत आहे, मी परंपरा केव्हा झालो?" या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते.

मी त्यांना पुरावा विचारला. त्यांनी पिशवीतून एक जीर्ण पुस्तिका काढली. जत्रेत व जयंतीला विकावयास म्हणून त्यांनी ती स्वखर्चाने छापली होती. बारा-सोळा पाने, स्वस्त कागद. पण वर कवी म्हणून त्यांचे नाव आणि आत ते गीत. बंधूंनो, ती पुस्तिका म्हणजे आमचा सर्वांत मोठा आधार ठरली. आपला कायदा असे सांगतो की, प्रसिद्ध झालेल्या प्रतीवर कर्ता म्हणून ज्याचे नाव छापलेले असेल तोच कर्ता, असे न्यायालयाने गृहीत धरावे. नाही म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावे. आम्ही नोटीस दिली. काही महिन्यांनी 'पारंपरिक' हा शब्द गेला व त्यांचे नाव आले. पैशाचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही, आणि सुटेल असे आश्वासन मी त्यांस दिलेले नाही. जुना कागद आमच्या आड येतो. परंतु नाव आले त्या दिवशी ते मला ते दाखवावयास आपल्या नातवाला घेऊन आले होते.

आता कायदा काय आहे, ते थोडक्यात व सोप्या भाषेत सांगतो, कारण आपल्यापैकी अनेकजण स्वतः लिहितात व गातात.

पहिली गोष्ट. 1957 चा स्वामित्वहक्क कायदा, ज्यास आपण कॉपीराइट म्हणतो, तो जानेवारी 1958 पासून अमलात आहे. गीत कागदावर उतरले की हक्क जन्मास येतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी केल्यास पुरावा भक्कम होतो, एवढेच. हा हक्क कर्त्याच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे 60 वर्षे टिकतो. वामनदादांचे निधन 15 मे 2004 रोजी झाले. त्यांच्या गीतांवरील हक्काची मुदत 2064 च्या अखेरीपर्यंत आहे. अण्णाभाऊ 18 जुलै 1969 रोजी गेले. त्यांच्या रचनांची मुदत 2029 च्या अखेरीस संपेल. तोपर्यंत त्यांना 'कोणाचेही नसलेले' साहित्य समजणे हे कायद्याला धरून नाही.

दुसरी गोष्ट. हक्क विकला तरी नाव विकले जात नाही. या कायद्याच्या 57 व्या कलमाने कर्त्यास दोन गोष्टी राखून दिल्या आहेत. ही रचना माझी आहे असे म्हणण्याचा अधिकार, आणि तिची मोडतोड करून आपल्या लौकिकास बाध आणणाऱ्यास रोखण्याचा अधिकार. सर्व हक्क लिहून दिले तरी हे दोन अधिकार कर्त्याकडेच राहतात, आणि त्याच्या पश्चात त्याचे कायदेशीर वारस ते बजावू शकतात. ज्या वृद्ध कवीविषयी मी बोललो, त्यांचे नाव परत आले ते या कलमाच्या बळावर.

तिसरी गोष्ट, करार. हक्काचे हस्तांतर लेखी असले पाहिजे. त्यात कोणती रचना, कोणता हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि किती मोबदला हे लिहिलेले असले पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. 2012 मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. तिच्या योगाने गीतकार व संगीतकार यांच्या रॉयल्टीच्या समान वाट्याला संरक्षण मिळाले. हा वाटा आपल्या वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. कंपनीला सोडून देता येत नाही, आणि कंपनीने तसे लिहून घेतले तरी ते निरर्थक ठरते. म्हणून येथील तरुण कवींना माझे सांगणे आहे की, 'सर्व हक्क कायमचे' असा कागद समोर आला तर सही करण्यापूर्वी एक रात्र तो घरी न्या आणि कोणास तरी दाखवा.

चौथी गोष्ट गायकांची. गायकाला त्याच्या गायनात हक्क आहे काय? 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे चित्रपटगीतांच्या हक्काचे प्रकरण आले. निकाल निर्मात्यांच्या बाजूने लागला; पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी आपल्या स्वतंत्र टिपणीत असे निदर्शनास आणले की, ज्याच्या गळ्यावर जग लुब्ध होते त्या गायकाला आपला कायदा काहीच देत नाही, आणि संसदेने याचा विचार करावा. संसदेस तो विचार करावयास 1994 साल उजाडले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने गायक-वादकांस त्यांच्या सादरीकरणात हक्क मिळाला. आज त्याची मुदत 50 वर्षे आहे. आपल्या कॅसेटयुगातील बहुतेक मोठे आवाज त्या आधीच मुद्रित झाले होते, हे लक्षात घ्या.

कोणी म्हणेल, हा सर्व आपल्याच नशिबाचा फेरा आहे. तसे नाही. दक्षिण आफ्रिकेत सॉलोमन लिंडा नावाचा एक झुलू गायक होता. 1939 मध्ये जोहान्सबर्ग येथे त्याने आपल्या साथीदारांसह एक गीत ध्वनिमुद्रित केले. हक्क किरकोळ रकमेला गेले. ते गीत अमेरिकेत पोहोचले, तेथे त्याला नवे शब्द मिळाले, नवे नाव मिळाले, आणि सिंहाविषयीचे ते गाणे जगभर गाजले. 1994 च्या एका प्रसिद्ध चित्रपटातही ते आले. लिंडा मात्र 1962 मध्येच दारिद्र्यात मरण पावला होता. पुढे त्याच्या मुलींच्या वतीने वकिलांनी जुने कायदे चाळले. 1911 च्या ब्रिटिश साम्राज्याच्या स्वामित्वहक्क कायद्यात त्यांना एक तरतूद सापडली. कर्त्याच्या मृत्यूस 25 वर्षे झाली म्हणजे विकलेले हक्क वारसांकडे परत येतात, अशी ती तरतूद होती. 2004 मध्ये दावा लागला, 2006 मध्ये तडजोड झाली, वारसांना रक्कम मिळाली व लिंडाचे कर्तेपण मान्य झाले. गीत मुद्रित झाल्यापासून 67 वर्षांनी! साम्राज्याने केलेल्या कायद्यातील एक कलम एका गरीब आफ्रिकी गायकाच्या मुलींच्या कामी आले, कारण कोणीतरी ते वाचले होते. कायदा वाचणारा माणूस समाजात असावा लागतो तो याकरिता.

आपल्या देशातील, आणि अगदी अलीकडचे उदाहरण पाहा. तमिळनाडूतील अरिवु हा आंबेडकरी विचाराचा तरुण कवी व रॅपगायक. 2021 मध्ये त्याने लिहिलेले व सहगायिकेसह गायिलेले एक गीत देशभर गाजले. त्याची आजी चहाच्या मळ्यात राबलेली होती. भूमिहीनांची ती वेदना त्या गीतात आहे. त्याच वर्षी एका संगीतविषयक मासिकाने त्या यशाची दखल घेतली, तेव्हा मुखपृष्ठावर अरिवु नव्हता. लोकांनी जाहीर विचारणा केली, दिग्दर्शक पा. रंजित यांनी आवाज उठविला; त्यानंतर त्या मासिकाने अरिवुचे स्वतंत्र मुखपृष्ठ काढले. येथे न्यायालय नव्हते, नोटीस नव्हती. ऐकणाऱ्यांनी 'लिहिणारा कोठे आहे' एवढे विचारले, आणि त्याचा परिणाम झाला.

आता एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. तो आक्षेप प्रामाणिक असल्यामुळे त्यास उत्तर देणे मला आवश्यक वाटते. असे म्हणतात की, ही गीते चळवळीची आहेत. कवीने ती समाजाला अर्पण केली. त्यात हक्क व पैसा यांची भाषा कशाला? माझे उत्तर असे. अर्पण करणे आणि काढून घेतले जाणे यांत फरक आहे. वामनदादांनी रात्रभर गाऊन मिळेल ती भाकर खाल्ली, हे त्यांचे दान होय. त्या दानाच्या जोरावर दुसऱ्याने दुकान चालवावे आणि दात्याचे नावही पुसावे, हा दानाचा अर्थ नव्हे. शिवाय कायदा चळवळीच्या आड येत नाही. हौशी मंडळाने तिकीट न लावता लोकांपुढे गीत गायिले तर तो भंग होत नाही, असे कायद्यातच लिहिले आहे. वस्तीतील मुलांनी जयंतीला गावे, खुशाल गावे. प्रश्न येतो तो विक्रीचा व्यवहार सुरू झाल्यावर.

दुसरा आक्षेप असा की, लोकगीताला कर्ता नसतोच. हेही तपासून पाहू. हेमा रैरकर व गी पॉयटेव्हिन यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. त्यांत बाबासाहेबांवरील ओव्याही पुष्कळ आहेत. आपल्या माताभगिनींनी पहाटे दळता दळता त्या गायिल्या. या संग्रहात ओवीबरोबर गाणारीचे नाव व गाव नोंदविलेले आहे. ज्या स्त्रियांचे नाव सात-बाराच्या उताऱ्यावर कधी आले नाही, त्यांचे नाव त्यांच्या ओवीवर आले. नाव नसते असे नाही, ते विचारावे लागते.

आणि हा प्रश्न केवळ आपल्या गीतांचाही नाही. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज येथे कितीजणांनी आवडता म्हणून सांगितला! त्यांनी भीमगीते गायिली, कव्वाल्या गायिल्या, आणि पंढरीच्या वाटेचे त्यांचे गीत तर वारीच्या दिवसांत महाराष्ट्रभर ऐकू येते. ते गीत दत्ता पाटील यांनी लिहिले आणि मधुकर पाठक यांनी त्याला चाल दिली, हे ऐकणाऱ्या लाखोंपैकी किती सांगू शकतील? ज्यांनी गीतांचा डोंगर रचला त्या हरेंद्र जाधवांचे नाव, ते 2021 मध्ये गेले तेव्हा, पुष्कळांनी प्रथमच ऐकले. त्यांची गाणी मात्र त्यांना पाठ होती.

तेव्हा करावयाचे काय? मी चार गोष्टी सुचवितो. त्यांस पैसा लागत नाही.

एक, आवडते गाणे सांगताना तीन नावे सांगावीत: रचणारा, चाल लावणारा, गाणारा. ठाऊक नसेल तर शोधावे. या बैठकीची टिपणवही असेल तर तिच्यात आजपासून तीन रकाने पाडा.

दोन, निदान जयंतीच्या मंचावरून तरी गीत पूर्ण गावे. शेवटचे कडवे गाळू नये. कवीची सही तेथे असते.

तीन, आपल्या घरांतील जुन्या वह्या, पुस्तिका, जलशांच्या जाहिराती व कॅसेटची वेष्टने रद्दीत देऊ नयेत. आजोबांच्या वहीवर तारीख असेल तर ती वही दस्तऐवज आहे. तिचे छायाचित्र काढून ठेवा, आणि वस्तीतील वृद्ध गायकांकडून कोणते गीत कोणाचे, हे लिहून घ्या. त्यांच्यानंतर सांगणारा कोणी नाही.

चार, जे लिहितात व गातात त्यांनी, आणि दिवंगत कवींच्या वारसांनी, हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचे सभासद व्हावे. गीतकार-संगीतकारांसाठी मुंबईत 1969 पासून इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी आहे. गायकांसाठीही स्वतंत्र संस्था आहे. अर्ज कसा भरावा हे समजत नसेल तर वस्तीतील वकिलाकडे जावे, आणि वकील मित्रांनी अशा कामाची फी घेऊ नये, असे मी माझ्या धंद्यातील बंधूंनाही सांगतो.

बंधुभगिनींनो, आपल्या पूर्वजांनी गावासाठी वाजविले आणि गायिले. त्यांची नावे कोणी विचारली नाहीत, कारण त्यांचे काम हे त्यांचे मानलेच जात नव्हते. ते गावकीचे होते. आज जर आपणच आपल्या कवीचे नाव न विचारता त्याचे गाणे वाजवीत राहिलो, तर ती गावकी आपण आपल्याच हातांनी पुन्हा चालू केली असे होईल. आपण सर्वांनी आपापले आवडते गाणे सांगितले. आता माझे सांगण्याची पाळी आहे. ते त्या वृद्ध कवीचे आहे. त्यांनी रचले, त्यांनीच चाल लावली, त्यांनीच गायिले. त्यांच्या प्रकरणाचा निकाल लागला म्हणजे त्यांच्या परवानगीने मी त्यांचे नाव याच ठिकाणी येऊन सांगेन.

जय भीम.